कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, मी सागवानाची जुनी कार्डपेटी आहे. आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने मी जळकी आहे.

१९७४ साली भाताच्या एका संशोधन केंद्रासाठी तुमसरच्या सुताराने मला घडवलं. तिथले घनश्याम साहेब प्रत्येक शोधनिबंधाचं एक कार्ड करत. पुढे निबंधाचं नाव, आणि त्याचा उल्लेख ज्या निबंधांत आला त्यांचे नंबर. मागे, उल्लेख करणारे त्याच्याबद्दल काय म्हणाले ते. दोन हजार कार्डं पोटात घेऊन मी मोठ्या तोऱ्यात होते. मग साहेबांची बदली झाली आणि माझ्यावर धूळ बसली.

१९८३ साली साहेबांच्या जागी पुष्पाबाई आल्या. त्यांनी भिंतीवर फळा लावला, निबंधागणिक एक खिळा ठोकला आणि माझ्याच कार्डांवरून खिळ्याखिळ्यांत कोसा रेशमाचे लाल धागे ताणले. कोण कोणाचा आधार घेतो, ते म्हणे एका नजरेत दिसावं. येणारा जाणारा फळ्याचं कौतुक करी आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. आयत्या बिळावर नागोबा मेला!

एका खिळ्याला तर बावीस धागे. तो निबंध सांगे, रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उशिरा करा, म्हणजे गादमाशीची कीड कमी पडते. ज्याच्या दारी पाहुणे जास्त तो मोठा माणूस, या गावच्या हिशेबाने बाईंनी त्यालाच थोर मानलं. शनिवारी सानगडीच्या शेतकऱ्यांना त्या तेच सांगणार होत्या. मला ठाऊक होतं, बावीसांतल्या वीस जणांनी त्याचं नाव चूक दाखवायलाच घेतलं होतं. उशिरा रोवलं की माशी जास्तच पडते. पण खरं सांगू? मनात आलं, होऊ दे एकदा फळ्याची फजिती.

शुक्रवारी केंद्रावरचे मजूर यादोराव मला पुसायला आले. त्यांचं शेत सानगडीलाच. पुसता पुसता तेच कार्ड खाली उलटं पडलं.

"बाई, याच्या मांगं तं 'चूक, चूक' लिवून हाये," ते म्हणाले. "आन तुमी आमाले तेच कराले सांगून राहिल्या?"

बाईंनी वाचलं. चेहरा पांढराफटक पडला. "मी मागची बाजू पाहिलीच नव्हती, यादोराव," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दोघांनी चूक दाखवणाऱ्यांचे वीस लाल धागे काढून काळे बांधले. सानगडीत रोवणा वेळेवर झाला. फोटो मात्र फळ्याचाच निघाला. मी त्यात अर्धी कापलेली.

मित्रांनो, एखाद्याचं नाव पुष्कळांनी घेतलं म्हणून भुलू नका, ते कशासाठी घेतलं ते विचारा. धूळ खाणारी पेटी दिसली तर पुसा, उघडा, कार्ड उलटून पाहा. आणि माझ्यासारखं जळू नका. फजिती फळ्याची झाली असती, पण उपाशी यादोरावांचं घर निजलं असतं.