सत्तेचाळीस व्हॉल्व

नगराध्यक्षा झाल्यावरही बाईंनी आपलं शिलाईचं दुकान बंद केलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मशीन, मधल्या वेळात नगरपालिका. "खुर्ची पाच वर्षांची, कात्री जन्माची," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे सोमवारी सकाळी वरच्या आळीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन निघाल्या, त्या नगरपालिकेत न जाता थेट दुकानातच आल्या.

"अध्यक्षबाई, दोन दिवस नळाला थेंब नाही. आधी निदान करंगळीएवढी धार तरी यायची."

"आणि खालच्या आळीत गटारं वाहताहेत पाण्याने," दुसरी म्हणाली. "खेळाच्या मैदानात तळं झालंय. बदकं तेवढी सोडायची राहिलीत."

बाईंनी इंजिनिअरला फोन लावला. त्या बिचाऱ्याला नोकरीवर येऊन जेमतेम महिना झाला होता. अर्ध्या तासात तो आला, तो चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला.

"मॅडम, रस्त्याखाली व्हॉल्व आहेत. ते फिरवून एका आळीचं पाणी बंद करायचं, दुसरीचं सोडायचं. पण कुठला व्हॉल्व कुठे आहे, तेच कळत नाही."

"मग नकाशा बघा ना."

"नकाशा परवा संध्याकाळच्या बसने लेकीकडे राहायला गेला."

नकाशा म्हणजे चावीकाका. गेली चौतीस वर्षं ते पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे पाचला निघायचे आणि सगळ्या शहराला पाणी सोडायचे. शनिवारी ते निवृत्त झाले. निरोप समारंभ अकरा मिनिटांत उरकला. भिंतीवरचं घड्याळ, एक भाषण, टाळ्या. कुठला व्हॉल्व कुठे, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

बाई तडक कार्यालयात गेल्या. "काकांनी काही लिहून ठेवलंय का?" त्यांनी विचारलं. कारकुनाने फाइल काढली. आत तीन वर्षांतले तीन अर्ज होते आणि तिन्हींत मजकूर एकच: 'मी निवृत्त होणार आहे. माझ्याबरोबर एक माणूस द्यावा, त्याला सगळे दाखवून ठेवतो.' तिसऱ्या अर्जाखाली 'पाहिले' असं लिहून सही केलेली होती. सही बाईंची होती.

बाईंनी तो अर्ज पर्समध्ये घातला. पाहिलं होतं म्हणे! त्या दिवशी साठ कागदांवर सह्या केल्या होत्या, एवढंच त्यांना आठवत होतं.

काकांची लेक दीड तासावरच्या गावी राहायची. बाई पोचल्या तेव्हा काका गॅलरीत बसून मटार सोलत होते. त्यांनी बाईंना पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

"या. पाणी गेलं वाटतं."

बाईंनी पर्समधून अर्ज काढला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचला. खालच्या स्वतःच्या सहीसकट.

"आता वाचलात?" काका म्हणाले.

"आता वाचला. चूक माझी आहे, काका. दुसऱ्या कुणाची नाही."

काकांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "मला तोंडी नाही सांगता यायचं. माझं सगळं पायांत आहे. चालायला लागलो की आठवतं. मी आज संध्याकाळच्या बसने येतो. उद्या पहाटे पाचला टाकीपाशी या. तुम्ही स्वतः. आणि गाडी नको."

"बाबा, तुमचे गुडघे!" स्वयंपाकघरातून लेक ओरडली.

"गुडघ्यांना विचारलंय मी. ते तयार आहेत. रुसला होता तो मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीपाशी बाई, इंजिनिअर आणि नगरपालिकेच्या बागेतली माळीणबाई असे तिघं हजर होते. माळीणबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. "माझी रोपं सुकताहेत, मला पण शिकायचंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि चावी स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाईंनी दुकानातून मोजायची टेप, खडू आणि पॅटर्न कापायच्या खाकी कागदाची सुरळी आणली होती.

काका चालू लागले. "न्हाव्याच्या दाराकडे पाठ करा. सात पावलं. थांबा." इंजिनिअरने माती उकरली, की खाली झाकण. चावीचं एक टोक व्हॉल्ववर टेकवून दुसऱ्याला कान लावायचा, हेही त्यांनी शिकवलं. "घूं आवाज आला तर पाणी चालू आहे. गप्प असेल तर बंद. आणि कुरकुर ऐकू आली तर वायसर गेलाय. आमच्या घरातही हाच नियम आहे."

बाई टेपने अंतर मोजायच्या, खडूने रस्त्यावर फुली मारायच्या आणि कागदावर रेघ ओढायच्या. पहिल्या दिवशी मागे दोन बघे होते, तिसऱ्या दिवशी पंचवीस. कुणी चहा आणला, कुणी कुदळ. ज्याच्या दारात झाकण सापडे, त्याची मान उगाचच ताठ होई.

इंजिनिअरच्या अंदाजाने व्हॉल्व अडतीस होते. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेहेचाळीस सापडले.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"एक राहिला," काका म्हणाले आणि जागचे हललेच नाहीत. "वरच्या आळीचा मुख्य. दोन वर्षांपासून तो अर्धवट बंद पडलाय. मी खालची आळी जरा आधी बंद करून दाब वर ढकलत होतो, म्हणून धार तरी यायची."

"मग तो दुरुस्त का नाही केला?"

काकांनी मान खाली घातली. मग बोट दाखवलं, बाईंच्याच दुकानाकडे. नव्या, गुळगुळीत, काळ्या पायरीकडे.

"ही पायरी बसली तेव्हा मी सांगायला आलो होतो. पण तुम्ही निवडणुकीला उभ्या होतात. लोक म्हणाले असते, काका विरोधकांकडून आला. म्हणून न सांगताच परतलो."

दुकानाच्या आतून बाईंच्या सासूबाईंचा आवाज आला, "काखेत कळसा नि गावाला वळसा! दोन वर्षं वरच्या आळीला पाण्याचं आश्वासन देतेय सूनबाई, आणि पाणी आमच्याच पायाखाली!"

मग जे हसू फुटलं, ते चौकापर्यंत ऐकू गेलं. बाईसुद्धा हसल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मॅडम, बाजूने नवी लाइन टाकता येईल," इंजिनिअर हळूच म्हणाला. "प्रस्ताव करतो. वर्षभरात..."

"वर्षभर बादल्या घेऊन कोण फिरणार, तुम्ही? कापड चुकीचं बेतलं तर उसवावंच लागतं. पहार आणा."

"अगं, पायरी!" नवरा दारातून कळवळला. दगड त्यानेच हौसेने निवडून आणला होता.

"पायरी परत होईल. तुम्ही जरा बाजूला व्हा."

पहिला घाव बाईंनी घातला. तो नुसता टण्णकन वाजला. दुसरा माळीणबाईंचा होता; त्याने पायरीचे दोन तुकडे झाले. खालून गंजलेलं झाकण निघालं. इंजिनिअरने तेल सोडलं, काकांनी चावी बसवली आणि दोघांनी मिळून जोर लावला. पाव वळसा. अर्धा. काकांनी चावीला कान लावला आणि दात नसलेल्या बाजूने हसले.

दहा मिनिटांत वरच्या आळीतून आरडाओरडा ऐकू आला. सगळे धावले. अगदी टोकाच्या घरातल्या आजीबाई अंगणात उभ्या होत्या, नखशिखान्त भिजलेल्या. नळाचा पाइप हातातून उडून भिंतीवर फवारे मारत होता.

"अहो, बंद करा कुणीतरी!" त्या ओरडत होत्या. "एवढं पाणी मागितलं कुणी?"

पुढच्या सभेत खाकी कागदावरचा नकाशा पक्का झाला. काकांनी मानधनावर पुन्हा यावं आणि इंजिनिअर नि माळीणबाईंना नीट तयार करावं, असं ठरलं. पत्र घेऊन बाई स्वतः गेल्या. काकांनी ते दोनदा वाचलं.

"आठवड्यातून दोन दिवस येईन," ते म्हणाले. "पण नऊनंतर. पहाटे उठायचं आता त्या दोघांनी. मला झोप म्हणजे काय असते, ते या आठवड्यात कळलंय."

"नऊ तर नऊ," बाई म्हणाल्या आणि समोरच्या ताटातल्या शेंगा सोलायला बसल्या.