कोरा प्लग

कर्वेनगरच्या मागच्या गल्लीतल्या कोंडीरामच्या गॅरेजला पाटी नाही. पुण्यात पाटीशिवाय धंदा करणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर कामाचा पक्का. कोंडीराम दुसऱ्यांपैकी. मातीच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्या लांबलांबून त्याच्याकडे येत, त्या एकाच गोष्टीसाठी. तो प्लग वाचायचा. इंजिनातला स्पार्क प्लग काढायचा, उजेडाकडे धरायचा आणि टोकाच्या रंगावरून निदान करायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, आणि चहासारखा तांबूस आला की बोलायचं कामच नाही. तीस वर्षांत त्याचं वाचन चुकलं नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत, आणि ते ऐकायला त्यालाही आवडत असे.

स्पृहा आपटे त्याची चार वर्षांपासूनची गिऱ्हाईक. राहायला कोथरूडला, नोकरी कॉलेजात गणित शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी एका जुन्या छोट्या मोटारीत बसून धूळ उडवायची. तिच्या आईच्या मते हे सगळं लग्न न केल्याचे परिणाम.

गेल्या दोन शर्यतींत गाडी शेवटच्या फेऱ्यांत तापली आणि इंजिन आतून ठकठक ठोकायला लागलं. तेव्हा इथेनॉलचा विषय स्पृहानेच काढला. उसापासून काढलेलं हे इंधन आता काही पंपांवर मिळतं. त्यावर इंजिन थंड राहतं, ठोकत नाही, आणि शर्यतीच्या खुल्या गटात ते चालतं. गॅरेजात त्याला नुसतं ‘ऊस’ म्हणत. कोंडीरामला काही ते पटलं नव्हतं. ऊस खावा, फार तर गुऱ्हाळात जाऊन प्यावा, गाडीला कशाला पाजायचा? पण ताई आकडेमोड करून आली होती. इंधन जवळजवळ दीडपट लागणार, म्हणून कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे इंधन सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, तिच्या आकड्यांप्रमाणे मोठे करून बसवले.

शनिवारी सासवड रस्त्याकडच्या मैदानावर सराव होता, रविवारी शर्यत. पहिल्या फेरीत गाडी बरी पळाली. कोंडीरामने प्लग काढून पाहिला, तर पांढराफटक. इंधन कमी पडतंय, असं म्हणून त्याने आणखी मोठा जेट घातला. दुसऱ्या फेरीत गाडी मंदावली. प्लग पुन्हा पांढरा. त्याने अजून मोठा घातला. तिसऱ्या फेरीत गाडी वळणातून बाहेर पडताना घोट अडकल्यासारखी खोकत राहिली, आणि कालपरवा शर्यतीत उतरलेली पोरं तिला मागे टाकून गेली. स्पृहा उतरली, हेल्मेट काढलं आणि सरळ घरी गेली.

रविवारी सकाळी ती यायच्या आत कोंडीरामने गॅरेजात गाडी चालू करून पाहिली. धडपडत चालू झाली आणि बंद पडली. त्याने प्लग काढला. रंग पांढराच होता, पण बोटाला ओल लागली. पांढरा आणि ओला, दोन्ही एकदम कसं होईल? इंधन कमी पडत असेल तर प्लग कोरडाठाक हवा. तो तिथेच टायरवर बसला. मग त्याला उमगलं. उसाची काजळी धरतच नाही. इंधन कितीही ओता, प्लग पांढराच राहणार. पेट्रोलची अक्षरं शिकलेला तो आदला दिवसभर कोरा कागद वाचत बसला होता, आणि त्या वाचनाच्या भरवशावर चांगलं चाललेलं इंजिन त्याने इंधनात बुडवलं होतं.

तेवढ्यात स्पृहा आली. हातात पेट्रोलचा कॅन. तिने सांगून टाकलं, की ऊस काही आपल्याला मानवत नाही, टाकी रिकामी करू, पेट्रोलचे जेट घालू, तापली तर तापली.

आता कोंडीरामला करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पेट्रोल परत येणार, प्लग पुन्हा बोलायला लागणार, आणि चार लोकांत म्हणायला मोकळा, की मी आधीच सांगितलं होतं. गाडी शेवटी तापेल, ताई हरेल, पण बोल उसाला लागेल. मोह वाईट असतो, आणि त्याला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने पाना उचललासुद्धा. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

“ऊस चांगला हाय, ताई,” तो म्हणाला. “तुमचे आकडे बरोबर होते. म्याच चुकीचं वाचलं. काल दोनदा.”

त्याने तिला ओला प्लग दाखवला आणि सगळं सांगितलं. ती रागावेल अशी त्याची खात्री होती. ती रागावली नाही, कॅन खाली ठेवून तिथेच पायरीवर बसली.

“काल घरी जाऊन आईला सांगितलं, उद्याची शेवटची, नंतर गाडी विकते,” ती म्हणाली. “मला वाटलं, गाडीवरचा माझाच हात गेला. तुम्ही चुकला असाल हे डोक्यातच आलं नाही, काका.”

कोंडीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षं न चुकण्याचं कौतुक त्याने मिरवलं होतं. त्यापायी असं कोणी स्वतःलाच दोषी धरत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आजवर किती जणांनी धरलं असेल, देव जाणे.

मैदानावर पोचल्यावर त्याने तिच्या आकड्यांचे जेट परत बसवले. हे तरी बरोबर आहेत कशावरून, असं तिने विचारलं. प्रश्न गणिताच्या बाईंचा होता, आणि रास्त होता.

“ठाव न्हाई,” कोंडीराम म्हणाला. “प्लग काय सांगायचा न्हाई. एक फेरी मारून या आन् तुम्हीच सांगा.”

चालवणाऱ्याने चालवावं, निदान आपण करू, असाच त्याचा आजवरचा खाक्या. स्पृहा हेल्मेट चढवून गेली. फेरी मारून आली तेव्हा पापण्यांपर्यंत धूळ होती.

“ठसका गेला. पण तिसऱ्या वळणातून निघताना जरा जड वाटते.”

“जरा म्हंजी किती?” कोंडीरामने विचारलं, आणि ती सांगत होती तोवर मध्ये एकदाही बोलला नाही.