गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड

दमयंतीने पोह्यांचा डबा पुढे ओढला, त्यामागे चौकोनी पुडकं उभं सरकवलं आणि डबा परत जागेवर लोटला. पुडक्याचा कोपरा दिसत होताच. तिने ते पुन्हा बाहेर काढलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि काखोटीला मारून स्वयंपाकघरात गोल फिरली. फ्रिजच्या मागे? तिथे गरम होतं. गव्हाच्या कोठीआड? तिथे ओल. शेवटी तिने ते ओट्याखाली, पोळपाटाच्या मागे कोंबलं. ज्या घरात नवऱ्याने जन्मात पोळपाट उचललेला नाही, त्या घरात याहून सुरक्षित जागा ती कुठली!

पुडक्यात एका इंग्रजी बँडच्या गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड होती. गुरुवारी रविकांतला साठ वर्षं पूर्ण होत होती, त्याची भेट. भिंगारच्या बाजारात काकासाहेबांचं जुन्या सामानाचं दुकान आहे, तिथून तिने ती स्वतः जाऊन आणली होती. लष्करातले साहेब लोक बदलीवर निघाले की सोफे, कपबश्या, रेकॉर्डी सगळं मागे टाकून जातात, आणि ते काकासाहेबांकडे येतं. रविकांतची इंग्रजी रॉकची दोन कपाटं त्यांच्याकडूनच भरलेली. त्या कपाटांना कुलूप नव्हतं, पण दमयंतीने त्यांना फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता. लग्न झाल्यापासून त्या खोलीत ती चहा घेऊन जायची आणि रिकामे कप घेऊन यायची. ही रेकॉर्ड बघून तरी तो म्हणेल, बस, ऐकू या. एवढंच हवं होतं तिला. साठीच्या नवऱ्याकडून मागावं म्हटलं तर हे काही फार नाही.

बाहेर रविवारची मंडळी जमली होती. ती चहाचा ट्रे घेऊन गेली तेव्हा काकासाहेब तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसले आणि लगेच रविकांतकडे वळले.

"रविभाऊ, येक इचारू का? त्या गाजलेल्या गान्यांच्या रेकॉर्डी असत्यात बघा, येका बँडची सगळी भारी गानी येकाच ठिकानी. त्या घ्याव्या का न्हाई?"

रविकांतने चष्मा काढला. त्याने चष्मा काढला की भाषण, हे सावेडीतल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"काकासाहेब, ती शुद्ध लूट आहे. ज्याच्याकडे बँडच्या सगळ्या रेकॉर्डी आहेत, त्याने तीच गाणी पुन्हा विकत घ्यायची. तो घेणार नाही म्हणून कंपनी त्यात एखादं नवं गाणं टाकते. उंदराच्या पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावतात ना, तसं."

"पन ज्याच्याकडं कायबी न्हाई, त्यानं काय करावं?"

"त्याने पहिल्या रेकॉर्डपासून सुरुवात करावी. आमचे अण्णा पोथीचं पारायण करायचे. आवडता अध्याय तेवढा वाचला आणि उठले, असं कधी झालं? अहो, चार माणसं वर्षभर खपून दहा गाणी एका क्रमाने लावतात. त्यातलं एक उपटायचं आणि भलत्याच्या शेजारी नेऊन बसवायचं? अशा रेकॉर्डी घेणारा माणूस गाणं ऐकतच नाही. तो नुसतं ओळखीचं शोधत असतो."

दमयंतीने ट्रे स्टुलावर ठेवला. गप्प बसून परत जावं हे तिला कळत होतं, पण जीभ काही ऐकेना.

"आणि गणपतीत आपण आरत्या म्हणतो त्या?"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"ठरलेल्या चार-पाच म्हणतो. त्याही दोन-दोन कडवी. बाकीची सोडली म्हणून देव रुसलाय का कधी आपल्यावर?"

"घ्या! आता बोला रविभाऊ!" काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली.

रविकांतही हसला. मोकळेपणाने हसला, आणि तेच तिला जास्त लागलं.

"अगं, तो विषय वेगळा. तुला नाही कळायचं ते." त्याने एक घोट घेतला. "साखर कमी पडलीय का गं?"

ती आत आली आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच. रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तोही स्वतःचाच. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? दरवर्षीसारखा शर्ट दिला असता तर काय वाईट होतं?

थोड्या वेळाने काकासाहेब रिकामे कप घेऊन दारात आले.

"वहिनी, चुकलं माझं. मला वाटलं, जरा वाट मोकळी करून ठिवावी, तर ह्ये भलतंच झालं. उद्या आना दुकानात, मी माघारी घेतो."

दुसऱ्या दिवशी रविकांत पासबुक भरायला बँकेत गेला तशी तिने पुडकं उचललं. माळीवाड्यापर्यंत एक रिक्षा, तिथून भिंगारला दुसरी. रिक्षात तिने दोनदा रिक्षावाल्याला लवकर घे म्हणून सांगितलं, आणि भिंगारला उतरल्यावर मात्र दुकानाच्या अलीकडेच नको असलेल्या लसणाचा भाव करत उभी राहिली.

"पैसे नंतर दिले तरी चालतील," तिने रेकॉर्ड काकासाहेबांपुढे ठेवली. "मी निघते."

"आसं कसं? माघारी घ्यायची म्हंजे आधी वाजवून बघावी लागती. चरा पडला असंल तर? सगळ्यांना तोच कायदा हाय माझा, तुमाला बी. बसा तवर."

कुठल्याशा कर्नलच्या सोफ्याच्या अगदी कडेवर ती बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. पहिलं गाणं दणक्यात सुरू झालं. तिने घड्याळ बघितलं, पदर सारखा केला, पुन्हा घड्याळ बघितलं. मग दुसरं लागलं. एकच गिटार, आणि कुणीतरी शेजारी बसून आपल्याशीच बोलावं तसा आवाज.

"हे असं हळूसुद्धा गातात?"

"म्हंजे?" काकासाहेब चकित झाले. "तुमच्याकडं तर ह्ये रोज लागतंय की!"

स्वयंपाकघरात त्यातली नुसती धडधडच पोचायची. शब्द सगळे कळत नव्हते, पण त्या गाणाऱ्याला घरी जायचं होतं आणि जाववत नव्हतं, हे कळत होतं. तिसऱ्या गाण्याला ती सोफ्यावर मागे टेकली. पर्स कधी बाजूला ठेवली ते तिचं तिलाच आठवलं नाही.

"दुसरी बाजू बी बघू का?"

"बघा ना."

तीही संपली. काकासाहेबांनी रेकॉर्ड उजेडात धरली. "येक चरा न्हाई. देतो पैसे."

"नको," दमयंती घाईने उठली. "द्या ती इकडे."

गुरुवारी लेक मैत्रेयी पुण्याहून आली, बापाला ओवाळलं, शर्ट दिला, जेवली आणि दुपारच्या गाडीने परत गेली. शर्ट रविकांतला आवडला. तो पलंगावर आडवा झाला, घोरू लागला. दमयंती दोनदा रेकॉर्डींच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा मात्र आत गेली आणि तिने प्लेअरचं झाकण उचललं.

सुई करकरली. रविकांत बनियनवर धावत आला.

"अगं, सुई! थांब, मी लावतो!"

"लागली."

त्याने कव्हर उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "ही... माझ्यासाठी आणलीस?"

"आणली होती. आता माझी आहे."

"अगं, पण यातलं प्रत्येक गाणं आपल्याकडे आहे!"

"तुमच्याकडे आहे."

तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. दुसरं गाणं सुरू झालं. "हे मूळ रेकॉर्डवर सगळ्यात शेवटी येतं. त्याच्याआधी एक—"

"अहो, ऐकू द्या."

ती खुर्चीत टेकली. त्याने कव्हर प्लेअरशेजारी ठेवलं आणि निघून गेला. रागावला, झालं! उठावं, चहा टाकावा, वाढदिवसाच्या दिवशी कशाला? तिने चपलेत पायसुद्धा घातला. आणि काढला.

स्वयंपाकघरातून डबे उघडल्याचे आवाज आले, एक झाकण खाली पडून बराच वेळ फिरत राहिलं. गॅस पेटला. मग काहीच नाही. तिसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिकडून त्याची हाक आली.

"दमयंती?"

"काय?"

"इथून काहीच कळत नाही गं. नुसती धडधड ऐकू येते."

ती खुर्चीत मागे सरकून बसली. बऱ्याच वेळाने तो दोन कप घेऊन आला आणि आत यावं की नाही ते न कळून उंबऱ्यातच उभा राहिला.