आजींची तक्रार

मी चांगली होते, तीच माझी चूक. आजींना न्हाऊ घालायचं, भरवायचं, पाय चेपायचे, त्यांच्या जुन्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकतेय अशा ऐकायच्या. सगळं मी जीव लावून करायचे. घरोघरी सांभाळायला बाया पुरवणाऱ्या आमच्या संस्थेने मला पाठवण्याआधी त्यांची लेक दर रविवारी यायची. मी आले आणि तिचं येणं थांबलं. फोनवर म्हणायची, "आई, बाई किती छान मिळालीये! आता मला घोर नाही."

रविवारी आजी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बाई, तिला चपला घालायचासुद्धा कंटाळा!

एकदा केस विंचरताना आजी म्हणाल्या, "तू वाईट आहेस असं सांगू का तिला? उपाशी ठेवतेस, अंगावर ओरडतेस. बघ, धावत येईल."

"खुशाल सांगा. हात उगारते म्हणून पण सांगा," मी म्हणाले. "ताई आल्या की मी सांगते खरं काय ते." रागाच्या भरात माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

आजींनी फोन लावला. काय ते रडणं! मी तोंडावर हात दाबून हसू आवरलं. फोन ठेवल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "धुतलेली चादर घाल गं. आणि माझे ठेवणीतले कपडे काढ."

दुपारी बेल वाजली. आजी सावरून बसल्या. मी दार उघडलं, तर समोर संस्थेची दुसरी बाई, खांद्याला पिशवी अडकवून. ताईंनी संस्थेत तक्रार केली होती आणि मला कामावरून काढलं होतं. म्हाताऱ्या माणसावर हात उगारणारीला पुन्हा कुठलं घर मिळणार? मी ताईंना फोन करत राहिले, त्यांनी उचलला नाही.

"अगं, ही चांगली आहे. मीच खोटं बोलले," आजी नव्या बाईला सांगत होत्या.

"हो आजी, हो," ती गोड हसली. असंच हसायला आम्हाला शिकवलेलं असतं.

तेवढ्यात ताईंचाच फोन आला. नव्या बाईने तो स्पीकरवर टाकून आजींपुढे धरला. आजींनी पुन्हा सगळं खरं सांगितलं, अगदी हात जोडून.

"घाबरू नकोस गं आई," ताई म्हणाल्या. "ती आता परत येणार नाही."

"आणि तू?" आजींनी विचारलं.

पण तोवर ताईंनी फोन ठेवला होता.