पाषाणवाचा

वेंडेल क्राउसने तीन महिने खपून एक दगड बोलता केला होता, आणि ऐन वेळी त्याला बोलतं करणारं कुणी उरलं नाही.

अमेरिकेतल्या शेबॉयगन गावी त्याच्या तळघरात गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी खेळ रंगायचा. वेंडेल गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि कुणाचं काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. लाइल एरवी प्लंबर, इथं कुऱ्हाडवाला योद्धा. त्याची बहीण मर्ना कुलपं उघडणारी चोर. आणि आर्डिथ नीगार्ड, अडुसष्ट वर्षांची, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, ती जादूगारीण.

जादूगारणीला दिवसाला तीनच मंत्र मिळायचे. ते आधी निवडून चिठ्ठीवर लिहायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. मग बदल नाही. बदल हवाच असेल तर गोष्टीतल्या माणसाने आठ तास झोप काढायची आणि नवी चिठ्ठी लिहायची. हा नियम वेंडेलचाच होता. दुसऱ्या वर्षी लाइल पुजारी होता आणि जखमा भरायचा मंत्र लिहायला विसरला. त्याने कितीही गयावया केली तरी वेंडेल बधला नाही आणि पुजारी मेला. लाइल ते विसरलेला नव्हता.

आर्डिथचे दोन मंत्र बाकीचे सांगतील ते असायचे. तिसरा मात्र कायम तिचा स्वतःचा: पाषाणवाचा. हा म्हटला की दगडाला वाचा फुटते आणि त्याने जे पाहिलं ते तो सांगतो. लढाईत याचा काडीचा उपयोग नाही. आर्डिथने अकरा वर्षांत भिंतींना विचारलं, पुलांना विचारलं, एकदा जात्यालाही विचारलं. दर वेळी वेंडेल बेसावध सापडायचा आणि म्हणायचा, “दगडाला काही आठवत नाही.” ती मान डोलवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच मंत्र लिहायची. वेंडेलला हे सलायचं. इतक्या वर्षांत त्याला या बाईसाठी एक धड दगड सुचला नव्हता.

आज तिचा शेवटचा रविवार होता; उद्या सकाळी ती मुलीकडे दूर टूसॉनला कायमची जाणार होती. म्हणून त्याने हे दार रचलं. तळ्याखालचं भुयार, चढत जाणारं पाणी आणि शेवटी एका राजाच्या चेहऱ्याचं दगडी दार. त्या चेहऱ्याचं भाषण चार पानं टाइप केलेलं, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं: “कुणीतरी विचारेल म्हणून मी फार वर्षं वाट पाहिली.”

आर्डिथची चिठ्ठी डब्यात पडली. वेंडेलने ती उघडली आणि दोनदा वाचली. ढाल. उजेड. अग्निगोल.

“आर्डिथ,” तो शक्य तितक्या सहज म्हणाला, “नीट विचार करून लिहिलंय ना?”

“अगदी नीट. आज शेवटचा दिवस. कुणाची कुरकुर नको.” तिने लाइलकडे पाहिलं. मागच्या महिन्यात लाइलचा योद्धा मरता मरता वाचला होता, आणि ‘तुझ्या दगडांशी गप्पांपायी माझा जीव जातोय’ असं तो तिला सगळ्यांदेखत बोलला होता.

“चला, अकरा वर्षांनी का होईना, अक्कल आली,” लाइल चीजचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला.

वेंडेलला वाटलं, याच्या डोक्यात तो डबा घालावा.

पुढचे दोन तास त्याने जंग जंग पछाडलं. भुयाराच्या तोंडाशी म्हणाला, “इथं झोपायला छान कोरडी जागा आहे. आठ तास कुणी त्रास देणार नाही.”

“आत्ताच तर उठलोय,” मर्ना म्हणाली. “चला पुढं.”

पुढं गेले. मागे दरड कोसळली आणि पाणी चढू लागलं. वेंडेलनेच तसं लिहून ठेवलं होतं. ते लिहिताना तो स्वतःवर बेहद्द खूश झाला होता, आणि आता त्याला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटत होती. दारासमोर पाणी गुडघ्यापर्यंत आलं. चेहऱ्याचे ओठ किंचित उघडे आहेत, असं त्याने सांगितलं. थोड्या वेळाने, ओठ थरथरतात असंही सांगितलं.

आर्डिथने चष्मा काढला. “अरे देवा,” ती हळू आवाजात म्हणाली. “नेमका आज.”

“समजा,” वेंडेल म्हणाला, “त्या भिंतीत एखादा जुना ताईत असला, एक जादा मंत्र देणारा—”

“ए,” लाइलने टेबलावर बोट आपटलं. “माझ्या पुजाऱ्याच्या वेळी कुठं होता तुझा ताईत?”

वेंडेलने ताईताचं वाक्य तिथंच सोडलं.

“लाइल बरोबर बोलतोय,” आर्डिथ म्हणाली. “चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. पाणी कुठवर आलंय?”

“छातीपर्यंत.”

“मग अग्निगोल. त्या चेहऱ्यावर.”

तिने फासा टाकला. वीस. अकरा वर्षांत तिला एवढा देखणा फासा पडला नव्हता. वेंडेलने पडेल आवाजात सांगितलं की राजाचा चेहरा फुटला, दार कोसळलं आणि पाणी ओसरलं. लाइल खुर्चीवरून उठला आणि त्याने आर्डिथला मिठी मारली. मर्नाने टाळ्या वाजवल्या. गोष्टीत ते सगळे तिथंच, तुकड्यांच्या ढिगाऱ्याशेजारी, तळ टाकून झोपले आणि खेळ संपला.

गाडीपाशी आर्डिथ रेंगाळली. “वेंडेल, काय म्हणाला असता रे तो?”

तिचा आनंद अजून ताजा होता. त्यात माती कशाला कालवायची? “काही नाही. साधा दगड होता.”

ती गेल्यावर त्याने चारही पानं चुरगाळून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर उरलेलं बीन्सचं कालवण ओतलं. सोमवारचा अख्खा दिवस तो दिसेल त्याच्यावर खेकसत होता.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

“अजून वाटेत मिसुरीत आहे, मोटेलमध्ये,” आर्डिथ म्हणाली. आवाज चिडलेला होता. “काल दिवसभर गाडी चालवताना डोक्यात एकच. अकरा वर्षांत तू एकाही साध्या दगडाला ओठ काढले नाहीस. मेल्या, चिठ्ठी टाकायच्या आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू दर वेळी तोच लिहितेस. याच वेळी बदलशील हे मला काय ठाऊक?” वेंडेलचाही पारा चढला. “तीन महिने घातले मी त्याच्यात.”



“आम्ही त्या ढिगाऱ्याशेजारी झोपलो होतो ना?” आर्डिथने विचारलं.

“हो.”

“आठ तास?”

“असतील.”

“मग घे लिहून. ढाल, उजेड, पाषाणवाचा. राजा फुटला असेल, पण तुकडेही दगडाचेच आहेत. त्यातला ओठाचा तुकडा मी हातात घेतलाय.”

वेंडेलने नियम इकडून तिकडून तपासला. कुठंच खोट नव्हती. “लाइलला विचारावं लागेल,” तो म्हणाला.

“काल रात्रीच विचारलं. म्हणाला, झोप झाली असेल तर त्याचं काही म्हणणं नाही.”

वेंडेलने फोन खांद्यात धरला, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पहिलं पान कालवणाने भिजलं होतं, पण अक्षरं शाबूत होती. त्याने ते ओट्यावर सपाट केलं, घसा साफ केला आणि राजाच्या आवाजात वाचायला लागला.