बाल्थासरच्या फळीतली लहर

लाकडाविषयी लोक जे बोलतात त्यातले निम्मे खोटे असते आणि उरलेले निम्मे अर्धवट. मेपलच्या अंगावरचे पट्टे म्हणजे रंग, असे मानणारे लोक आमच्या तुल्पेहॉकनच्या खोऱ्यातही आहेत, आणि इथे तर घरोघरी चुलीवर बंदूक टांगलेली असते. तो रंग नव्हे. झाडाचे तंतू सरळ न वाढता पाण्यासारखे वरखाली होत वाढले, की रंधा मारलेल्या लाकडावर एकाआड एक तंतूंची टोके आणि तंतूंच्या कुशी उघड्या पडतात. टोके रंग पितात, कुशी फारसा पीत नाहीत. एवढेच. पण या ‘एवढेच’पायी माझे सासरे आणि गुरू बाल्थासर ऊलर यांनी चाळीस वर्षे बंदुकांचे दस्ते कोरले, आणि या ‘एवढेच’पायी मार्चमधल्या एका मंगळवारी त्यांची एकुलती एक इच्छा मी जवळजवळ मातीत घातली.

ती इच्छा पाहण्याची होती. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता. डाव्याला भर दुपारी, दक्षिणेच्या खिडकीपाशी, माणूस आणि खांब यांतला फरक तेवढा कळत असे. तोही दर महिन्याला कमी. बारा वर्षांपूर्वी ओढ्याकाठचा एक मेपल त्यांनी स्वतः पाडला होता. साल सोलली तेव्हा आतले खोड वाऱ्याने सुरकुतलेल्या डबक्यासारखे दिसले, आणि मामा कुऱ्हाड टाकून मोठ्याने हसू लागले, असे माझी बायको आपोलोनिया सांगते. त्या झाडाची सर्वांत जाड फळी दुकानाच्या तुळयांवर वाळत पडली. तिला हात लावायचा नाही, ही आमच्या घरात बायबलच्या दहा आज्ञांनंतरची अकरावी आज्ञा होती.

गेल्या शरदात कास्पर नोल बंदूक सांगायला आला. वसंत उजाडताच तो बायकामुलांसह डोंगरापलीकडे, ओहायोच्या बाजूला कायमचा निघणार होता. मामांनी वर बोट केले.

“ती फळी काढ, लेओनहार्ट. आता नाही तर मग मला ती हातानेच बघावी लागेल.”

फळी खाली आली आणि लगेच आमचे भांडण जुंपले.

“दस्त्याचा साचा वरच्या काठाला लाव,” मामा फळीवरून अंगठा फिरवत म्हणाले. “तिथे लहर दाट आहे.”

“तिथे तंतू मनगटातून बाहेर पळतायत, मामा.”

नळीच्या मागे मुठीत मावेल असा जो बारीक भाग असतो, त्याला आम्ही मनगट म्हणतो. तिथे तंतू आडवे आले, की बंदूक घोड्यावरून एकदा पडते आणि दोन होते.

“मला शिकवतोस?”

“तुम्हीच शिकवलंत. आधी तंतू, मग नखरा. पहिल्याच दिवशी सांगितलंत, वर कानाखाली वाजवलीत.”

“ती शिकवण परत घेता येते का बघ.”

“बाबा, सोडा आता,” दारातून आपोलोनिया म्हणाली. “यांच्याशी वाद घालून आपल्या घरात कोंबडीसुद्धा जिंकलेली नाही.”

मी साचा मुळाकडच्या टोकाला लावला. तिथे झाड मुळांकडे वळताना तंतूही वळले होते, आणि ते वळण मनगटाच्या वळणाशी तंतोतंत जुळत होते. लहर तिथेही होती, पण मऊ. दाट लहरीचा वरचा काठ करवतीखाली तुकडा होऊन पडला. मामांनी तो उचलून खिशात घातला आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी बरोबर होतो. आजही तसेच म्हणेन. पण बरोबर असण्याचा एक काटा असतो, आणि तो सारा हिवाळा मला बोचत राहिला.

मंगळवार उजाडला तो लख्ख. कास्परच्या गाड्या गुरुवारी पहाटे हलणार होत्या. बुधवार तेल चोळण्यात जाणार. म्हणजे दस्त्याला रंग चढवायला, आणि तो मामांना दिसायला, ही एकच दुपार होती. आपोलोनियाने मामांची खुर्ची खिडकीशी आणली, काचा पुसल्या, आणि जेवायची हाक कोणालाच मारली नाही.

लोखंडाचा कीस विरघळवलेले तेजाब मी पिसाने दस्त्यावर फिरवले. लाकूड प्रथम शेवाळासारखे हिरवट, ओंगळ होते. नवख्याला इथेच रडू येते. मग भट्टीतली लाल कांब बोटभर अंतरावरून फिरवायची. ती मनगटावरून सरकू लागली आणि हिरवटपणा मागे हटला. त्यातून तांबूस तपकिरी वर आले, आणि त्या तपकिरीत एक, दोन, पाच, बारा पट्टे!

“आले! बाबा, आले!” आपोलोनियाने माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली की कांब हलली.

“हळू, अगं! जळेल!”

“आणा इकडे,” मामा अर्धे उठलेच होते. “आणा, ऊन जाईल.”

मी दस्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“तपकिरी आहे,” ते म्हणाले. “छान तपकिरी आहे.”

त्यांनी तो परत केला, आणि खिशातला तो तुकडा नुसता चाचपला. एक शब्द बोलले असते तर मी प्रतिवाद केला असता. ते बोलले नाहीत, म्हणून मी आयुष्यातली सर्वांत मूर्ख गोष्ट केली. पट्टे अजून गडद झाले तर त्यांना दिसतील, असे म्हणून मी तेजाबाचा दुसरा हात दिला, पहिल्याहून दाट, आणि तो सुकतो न सुकतो तोच कांब फिरवली.

पट्टे गडद झाले खरे. पट्ट्यांमधली जागाही तितकीच झाली. डोळ्यांदेखत सगळा दस्ता एकसारखा, काळपट, मुका होऊन गेला.

नेमका त्याच वेळी कास्पर नोल बुटांचा चिखल झटकत आत आला. त्याने बाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“हे काय? मी बंदूक सांगितली होती. हा तर करपलेला पाव आहे.”

“कास्पर, तोंड मिट,” आपोलोनिया म्हणाली.

“मिटतो की. पण पट्टे कुठायत? नदीपलीकडचे लोक साध्या लाकडाला डांबरी सुतळी गुंडाळून पेटवतात, म्हणे. काळे वेढे उमटतात, झकास. तसं करा हवं तर. ओहायोतल्या अस्वलांना काय कळतंय?”

“ते पट्टे मेलेले असतात,” खिडकीतून मामा म्हणाले.

“मेलेले म्हणजे हो, काका?”

“हलत नाहीत.” मग त्यांनी हवा हुंगली. “लेओनहार्ट, वास दुप्पट आहे. दुसरा हात दिलास?”

“दिला.”

“दाट?”

“दाट.”

“कशाला?”

मी गप्प राहिलो. घरातल्या कोंबडीलाही तो दिवस लक्षात राहावा.

“गाढवा,” ते म्हणाले, पण आवाज चिडका नव्हता. उलट त्यात काहीतरी जागे झाले होते. “बरं, सांग. टोकं किती पितात?”

“खोलवर.”

“आणि कुशी?”

“वरवर. कातडीपुरतं.” म्हणताम्हणता मी दस्त्यावर वाकलो. जे मी वीस जणांना ठासून सांगितले होते, त्याचा उरलेला अर्धा भाग मला आजवर सुचलाच नव्हता. “मामा! म्हणजे वरची कातडी काढली तर—”

“तर काय, मुहूर्त बघतोस? पातं दे. राखेचं पाणी आधी मार, तेजाब मरू दे. हो बाजूला.”

“तुम्ही खरवडणार? तुम्हाला—”

“दिसत नाही. ऐकू येतं.”

आपोलोनियाने राखेचे पाणी मारले, दस्ता पुसून कोरडा केला आणि बाकाच्या पकडीत, शेगड्यात, घट्ट आवळला. मामांनी खरवडायचे पोलादी पाते दोन्ही अंगठ्यांत वाकवून धरले. पहिला हात ओढला. खस्स. कुशीवरून पाते गुळगुळीत गेले. मग खर्र. तिथे तंतूंची टोके होती. खस्स, खर्र, खस्स, खर्र. मान तिरकी करून, गिरणीचा दगड नीट फिरतो आहे का हे ऐकणाऱ्या गिरणीवाल्यासारखे ते ऐकत होते. पात्यापुढे केसाहून पातळ भुसा उडत होता, काळा, मग तपकिरी, मग सोनेरी.

“थांबा,” मी ओरडलो. “बस्स, मामा, मनगटाशी बस्स!”

“मला कळतं कधी बस्स. आवाज बदलला की.”

कास्पर टोपी हातात घेऊन कधी पुढे सरकला होता ते त्यालाही कळले नसावे. “अरे बापरे,” तो हळूच म्हणाला. “अरे बापरे, आपोलोनिया, हे बघ. हे बघ!”

कारण पट्टे आले होते. पहिल्या हाताला आले होते ते हे नव्हेत. मधाच्या रंगाच्या अंगावर काळेभोर, खोल, धारदार पट्टे. मऊ म्हणून मी ज्या लहरीची सारा हिवाळा लाज बाळगली, तीच आता मनगटाच्या वळणावरून ओघळत खाली दस्त्याच्या टोकापर्यंत पसरली होती. मी जवसाचे तेल तळव्यावर घेऊन चोळले आणि दस्ता ओला होताच आपोलोनिया, कास्पर आणि मी तिघेही एकदम बोलू लागलो. कोण काय बोलले हे मला आज सांगता येणार नाही.

“ऊन!” आपोलोनिया किंचाळली. “खिडकीतून ऊन चाललं!”

खिडकीच्या चौकटीत आता हातभर ऊन उरले होते. दस्ता शेगड्यातून सोडवून मी मामांच्या हाती दिला. त्यांनी तो उन्हात धरला. डाव्या डोळ्याशी नेला. लांब केला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

“रेघा नाही दिसत रे,” ते म्हणाले.

मग चाळीस वर्षांच्या सवयीने, ग्राहकाला दाखवताना करत तसा, त्यांनी हात वळवून दस्ता हळूच फिरवला.

खऱ्या लहरीचे हे वैशिष्ट्य मी वर सांगायला हवे होते: दस्ता कलला, की जो पट्टा काळा असतो तो उजळतो आणि उजळ असतो तो काळा पडतो. पट्टे जागचे न हलता चालू लागतात.

मामांचा हात थांबला. त्यांनी दस्ता उलटा कलवला. मग पुन्हा सुलटा.

“हललं,” ते म्हणाले.

“काय, बाबा?”

“हललं गं! पाणी हललं! आत काहीतरी पळतंय, इकडून तिकडे... हे बघ, हे पुन्हा!” ते हसत होते; बारा वर्षांपूर्वी कुऱ्हाड टाकून हसले असतील, तसे. “डबकं! तेच डबकं! कास्पर, दिसतंय का रे तुला?”

“दिसतंय, काका,” कास्पर म्हणाला. अस्वलांची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. “तुमच्याइतकं नाही, पण दिसतंय.”

ऊन चौकटीवरून सरकेपर्यंत ते दस्ता कलवत राहिले, आणि घाईत असलेला कास्पर नोल भिंतीला टेकून तोवर मुकाट उभा राहिला. मग मामांनी तो मांडीवर घेतला आणि अंगठा मनगटावरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने फिरवला.

“तंतू बरोबर वळलेत,” ते म्हणाले. “मोडायचं नाही हे.”

मी तोंड उघडले.

“तू काही बोलू नकोस, जावईबापू,” ते म्हणाले, आणि खिशातला तो दाट लहरीचा तुकडा काढून त्यांनी भट्टीच्या दिशेने भिरकावला. नेम फूटभर चुकला. आपोलोनियाने तो उचलला आणि जेवायची हाक मारली.