पाणी असलेल्या विहिरी

सकाळीच आईचा फोन आला. "पल्लवी, टँकर कधी येतोय गं? आज दोर बांधून मलाच खाली उतरायचंय. विहिरीत नुसता गाळ हाय, त्यातनं वाटीवाटीनं पाणी काढायचं."

पल्लवीने समोरचा छापील कागद ओढला. नाशिकच्या कचेरीत पाणीटंचाईचा गोषवारा तीच तर बनवत होती. त्यात पेठकडच्या तिच्या माहेरच्या पाड्यापुढे छापून आलं होतं: पाणी असलेल्या विहिरी, पाच. टँकर नामंजूर.

ती साहेबांकडे गेली. "साहेब, पाड्यात थेंब नाही हो!"

"गोषवारा तुझाच ना?" कुंदन साहेब म्हणाले. "मग माहेरासाठी आकडे फिरवू? टँकरची यादी सहीला चाललीय."

ती जागेवर परतली. पांडुरंगा, चुकलं कुठं?

देव कुणाच्या तोंडून सावध करील, सांगता येत नाही. परवा पंचवटीतल्या कीर्तनात वाल्मीकबुवांनी डुलक्या घेणाऱ्यांकडे बघून मध्येच टाळ थांबवले होते. "मंडप भरला म्हणता? बाबांनो, बसलेले मोजू नका, जागे मोजा!"

पल्लवीने घाईघाईने मूळ तक्ते उघडले. एरवी तक्त्यात कोरड्या विहिरीपुढचं पाण्याच्या फुटांचं घर ग्रामसेवक कोरंच सोडत. यंदा साहेबांनी दम भरला होता, एकही घर रिकामं दिसता कामा नये. बिचाऱ्यांनी इमानाने शून्य भरलं. आणि भरलेलं प्रत्येक घर संगणकाने पाणी असलेली विहीर म्हणून मोजलं, शून्यासकट.

तिने तक्ता साहेबांपुढे धरला. "पाणी किती फूट, तेवढं मोठ्याने वाचा."

"शून्य. शून्य. शून्य..." चौथ्याला आवाज खाली गेला. पाचवं त्यांनी वाचलंच नाही.

"बाकीचे पाडे?"

"तेही असेच असतील. शून्य वगळून एकेका पाड्याचं पुन्हा मोजावं लागेल."

"मोज. यादी मी थांबवतो."

नव्या गोषवाऱ्यात पाड्यामागून पाडा कोरडा निघत गेला. दुपारी सही झाली. टँकर उद्या सकाळी.

ती फोन लावत व्हरांड्यात धावली. "आई, उद्या येतोय टँकर! आज उतरू नको, तुला विठ्ठलाची आण."

फोनवर आईच्या मागे बायांचा गलका चालला होता. "आण कशाला घालतीस गं? नाय उतरत. पर तुझ्या भावाच्या पोरांना आज काय पाजू?"

कानाशी दगडावर दोर घासल्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी उतरत होतं.